धरायचं न्हाय

सोमशेखर चिडला की माझ्या दुकानातल्या कात्र्या वाजायच्या. माझं टेलरिंगचं दुकान आणि सयाजीचं व्हिडिओ गेम पार्लर यांच्यामध्ये एकच भिंत, तीही एका विटेची आणि पत्र्याच्या अलीकडेच थांबलेली. पलीकडं सोमशेखरनं मशीनवर बुक्की हाणली की अलीकडं खिळ्याला टांगलेल्या कात्र्या किणकिण करायच्या. माप द्यायला उभं राहिलेलं गिऱ्हाईक दचकून विचारायचं, "भूकंप झाला का ओ?"

मी म्हणायचो, "न्हाय, गडहिंग्लज."

सोमशेखर गडहिंग्लजकडचा. बाप सिद्धाप्पा वारल्यावर आई गौराबाईला घेऊन कोल्हापुरात आला, आमच्या बोळात दोन खोल्या घेतल्या आणि उद्यमनगरात मोटार वाइंडिंगच्या कामाला लागला. जळक्या मोटारीतली तार उचकटायची आणि नवी गुंडाळायची. दिवसभर वेटोळी घालणारा माणूस संध्याकाळी कुठंतरी सुटणारच. हा चिडण्यात सुटायचा. चहात साखर जास्त पडली, चिडला. कुणी 'बघू की' म्हणालं, चिडला, "बघू म्हणजे काय? व्हय म्हण न्हायतर न्हाय म्हण!" बोळात त्याला कुणी 'कानडी अप्पा' म्हटलं की भडकून विचारायचा, "गडहिंग्लज काय बेंगळूरात हाय काय रं? जिल्हा कुठला तुमचा? आमचा बी तोच!" गौराबाई दारातनं ओरडायची, "सोमू, सुम्म कूड!" म्हणजे गप्प बस. त्यावर हा बोळाच्या तोंडापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "मी गप्पच हाय, अव्वा!"

आम्ही हसायचो. मी तर जास्तच. पण एक सांगतो, त्याच्या रागाला कारण नाही असं मी कधी पाहिलं नाही. कारण शेंगदाण्याएवढं असायचं आणि राग भोपळ्याएवढा, हे खरं. पण शेंगदाणा खराच असायचा.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. सयाजीच्या पार्लरात चार मशिनी होत्या, पण गर्दी एकीवरच. तिच्यात मारामारीचा गेम होता. दोघं शेजारी उभे राहणार, एकेक गडी निवडणार, आणि पडद्यावर ते गडी एकमेकांना बुकलणार. प्रत्येकाच्या डोक्यावर एक पिवळी पट्टी. मार खाल्ला की पट्टी आटत जायची, आटली की मेला. मधोमध घड्याळ. ते शून्यावर आलं तर ज्याची पट्टी लांब तो जिंकला, असं मशीन स्वतःच सांगायचं. तीन डावांत दोन मारले की कुस्ती मारली.

गड्यांची खरी नावं इंग्रजीत होती, ती कुणी वाचली नाहीत. पोरांनी बारसं केलं होतं. हातातनं जाळ फेकणारा तो 'बंबवाला'. आणि एक होता हिरव्या चड्डीचा आडदांड, मान नसलेला, चालायला लागला की भिंत सरकल्यासारखा. त्याचं नाव म्हसोबा. म्हसोबाला जाळ नाही, उडी नाही, पळणं नाही. त्याला एकच यायचं. समोरच्याजवळ जायचं, धरायचं आणि उचलून आपटायचं. म्हसोबा कुणी घ्यायचं नाही. सोमशेखरनं घेतला.

का घेतला विचारलं तर म्हणाला, "कुणी घेईना म्हणून." वर चिडून, "ह्येला बी पोट हाय की!"

दोन महिन्यांत म्हसोबानं पार्लर खाल्लं. बंबवाला जाळ फेकतोय, हा अंगावर चटके घेत, एकेक पाऊल टाकत जवळ येतोय, आणि आला की धरलंच. आपटला की अर्धी पट्टी साफ. मग हा शहाणा मशीनची दांडी मागं ओढून, अंग आवळून कोपऱ्यात बसायचा आणि घड्याळ संपायची वाट बघायचा.

सगळ्यात जास्त आपटला गेला तो जोतीराम. जोतीराम म्हणजे बोळाचा लाडका. सकाळी तालमीत मेहनत, दुपारी बापाच्या पिठाच्या गिरणीवर, संध्याकाळी पार्लरात बंबवाला. दिसायला देखणा, बोलायला गोड, आणि हरायची सवय अजिबात नाही. एका संध्याकाळी ओळीनं आपटी खाऊन तो दांडी सोडून ओरडला, "ही रडी हाय! नुस्तं धरतंय! खेळ म्हणत्यात व्हय ह्येला?"

रडीचा डाव म्हणजे काय, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही समजावावं लागत नाही. चोराला माणूस एक वेळ माफ करतो. रडी खेळणाऱ्याला नाही.

"रडी?" सोमशेखर म्हणाला. कात्र्या वाजल्या. "मशीननं बटण दिलंय धरायला! माझ्या घरातनं आणलंय काय मी?"

"बटण हाय म्हणून दाबायचं व्हय?"

"मग काय त्याची आरती करायची?"

सयाजी गल्ल्यावर बसून घाम पुसत होता. पोट मोठं आणि काळीज चिमणीचं असा माणूस. त्याला भांडण नको होतं आणि गिऱ्हाईक हवं होतं. जोतीरामच्या मागं दहा-पंधरा पोरं यायची, सोमशेखरच्या मागं त्याची सावली. सयाजीनं हिशेब केला, खडू घेतला आणि मशीनच्या वरच्या फळीवर लिहिलं: 'धरायचं न्हाय.'

मी भिंतीवरनं डोकावून बघत होतो. म्हटलं, "सयाजी, आरं जोत्या रोज सकाळी तालमीत काय करतोय? माती चाखतोय? ह्या गावात धरायचं न्हाय असं लिवलंस तू! रंकाळ्यात बुडवत्यात का बघ तुला!"

सगळे हसले. सोमशेखर हसला नाही. तो त्या अक्षरांकडं बघत होता. म्हणाला, "मग म्हसोबानं करायचं काय? जाळ न्हाय, उडी न्हाय, आता हात बी बांधलं. नुस्तं हुभं राहून मार खायचा? सरळ लिव की, 'सोमशेखरनं खेळायचं न्हाय.'"

"तू बंबवाला घे की," जोतीराम म्हणाला.

"का घिऊ?"

त्यावर सगळेच एकदम मोठ्यानं बोलायला लागले.

नियम मशीनपुरता राहिला असता तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण शब्द पायरी उतरून बोळात आला. आधी 'रडी सोम्या' पार्लरात, मग किराणा दुकानात, मग उद्यमनगरात. एके दिवशी संकेश्वरचे पावणे आले. मुलीचे चुलते, तंबाखूचे व्यापारी, शुभ्र धोतर, कपाळाला विभूती. मुलगा बघण्याआधी बोळात चौकशी करायची रीत, त्याप्रमाणं त्यांनी पार्लरच्या पायरीवरच्या पोरांना विचारलं, "सोमशेखर म्हणून हायत न्हवं हितं? कसं हाय पोरगं?"

"सोम्या व्हय? रडी खेळतंय की त्ये!"

पावण्यांचा कान कानडी. त्यांना 'रडी' माहीत नव्हती, 'रमी' माहीत होती. त्यांचा चेहरा पडला. "रमी? पत्ते कुठं खेळतो?"

सयाजी मदतीला धावला. देव कुणाला सयाजीची मदत न देवो. "पत्ते न्हाईत ओ पावणं, मशीन हाय! टोकन टाकायचं, जिकला तर बसायचं, हारला तर उठायचं. रोज येतंय पोरगं, एक दिस चुकवत न्हाय!"

पावण्यांनी पिशवी उचलली. गौराबाईनं गॅसवर ठेवलेला चहा तसाच उकळत राहिला.

त्या संध्याकाळी मला वाटलं, आज भिंत पडणार. पण पलीकडं आवाजच नाही. मी जाऊन बघितलं तर सोमशेखर मशीनसमोर नुसता उभा. जोतीरामला सांगत होता, आणि हळू आवाजात सांगत होता, ते जास्त वाईट होतं. "पोरगी गेली, जाऊ दे. दुसरी मिळंल. पर माझ्या अव्वाला आज बाजारात एकीनं इच्चारलं, तुझं पोरगं लबाड हाय काय म्हणून. म्या एक डाव बी लबाडी केलेली न्हाय. हा शब्द तू आणलास. तूच मागं घ्यायचा. चारचौघात."

जोतीराम म्हणाला, "चेष्टंत म्हणलो मर्दा. बघू की."

'बघू की!' मी तिथनं आधीच सटकलो. कात्र्या उतरवून ठेवायच्या होत्या.

दिवाळीच्या सुट्टीत मंडळानं स्पर्धा ठेवली. मशीन हातगाड्यावर चढवून चौकात आणलं. भर दुपारी ऊन असं की पडद्यावर काही दिसेना, तेव्हा मी काळं अस्तर दिलं आणि मशीनभोवती आडोसा केला. वायर पार्लरातनं ओढलेली, तिच्यावर पाय पडू नये म्हणून सयाजी स्वतः काठी घेऊन उभा. बक्षीस म्हणून बेगड लावलेली लाकडी गदा. आणि पंच कोण, तर आबा. आमच्या पेठेतले जुने वस्ताद, मोडलेल्या कानांचे, ज्यांनी आयुष्यात मशीनचं बटण दाबलं नव्हतं. मंडळाला वाटलं, कुस्ती ती कुस्ती, पंच तो पंच.

नाव द्यायला सोमशेखर आला तेव्हा मंडळाच्या पोरांनी फळीवरच्या खडूच्या अक्षरांकडं बोट दाखवलं. सोमशेखर थेट आबांपुढं जाऊन उभा राहिला. "आबा, तुम्ही न्याय करा. धरून आपटलं तर ती रडी व्हय?"

आबांना नीट ऐकू यायचं नाही. "कोण धरतंय? कुणाला?"

कुणीतरी कानात ओरडून सगळं सांगितलं. आबांनी फळीवरची अक्षरं वाचली. परत वाचली. आणि असे कडाडले की अस्तराच्या आडोशावर बसलेली कबुतरं उडाली.

"धरायचं न्हाय? धरायचं न्हाय! मग करायचं काय रं? येकमेकाला ववाळायचं? पाट मांडू का? अरं ह्या मातीत धरूनच मोठी झाली माणसं! कुणी लिवलं ह्ये? त्याचा हात बघू दे मला!"

सयाजी काठीसकट दिसेनासा झाला.

"पुसा त्ये! धरायचं. काय धरायचं त्ये धरा. पर कुस्ती निकाली झाली पायजे, घड्याळावर कोण जिकत नस्तंय, काटा संपला तर बरोबरीत सोडवणार. कबूल हाय?"

"व्हय! व्हय आबा! व्हय!" सोमशेखर म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. त्याला हसताना बघून गौराबाईसुद्धा घाबरली.

मी तिथं होतो, म्हणून सांगतो. आबांनी दोन नियम एका दमात सांगितले. सोमशेखरला ऐकू आला एक. 'धरा' म्हटल्यावर त्याचे कान जे आनंदानं बंद झाले ते 'व्हय' म्हणूनच उघडले.

फायनलला सोमशेखर आणि जोतीराम. दुसरं कोण येणार? एक डाव ह्यानं घेतला, एक त्यानं. शेवटच्या डावात बंबवाल्याच्या जाळानं म्हसोबा भाजून निघाला, पण जवळ आलाच. धरलं. आपटलं. परत उठताना परत धरलं. जोतीरामची पट्टी नखाएवढी, सोमशेखरची बोटाएवढी. आणि सोमशेखर दांडी मागं ओढून कोपऱ्यात बसला. जोतीराम जाळ फेकतोय, म्हसोबा अंग आवळून बसलाय, घड्याळ उतरतंय. शून्य. म्हसोबानं दोन्ही हात वर केले, मशीननं वाजंत्री वाजवली.

आबांनी दोघांचे हात धरले आणि दोन्ही वर केले. "बरोबरीत!"

"आँ?" सोमशेखरनं हात हिसडला. "बरोबरीत कशी? मशीन सांगतंय की म्या जिकलो!"

"मशीन पंच हाय का मी?"

"आरं पट्टी बघा की! डोळं हाईत न्हवं?"

"सोम्या, तूच व्हय म्हणालास," जोतीराम म्हणाला. त्याचा एक हात गदेच्या दांड्यावर आधीच पोचला होता. "सगळ्यांनी ऐकलंय."

"म्या धरायला व्हय म्हणलो! घड्याळाला कोण म्हणलं?"

"व्हय एकच हुतं. आबांनी दोनी सांगितलं हुतं."

"मग दोनदा इच्चारायचं! दोन गोष्टीला एक व्हय कुठं अस्तंय?"

आता अख्खा चौक बोलायला लागला. कुणी म्हणे घड्याळ मशीनचं आहे, कुणी म्हणे पंचाचा शब्द मशीनच्या वर. सोमशेखरच्या कपाळाची शीर दोरखंडाएवढी झाली. आणि तेवढ्यात मागनं कुणीतरी, तोंड न दाखवता, म्हणालं, "रडी ते रडीच!"

हसण्याची लाट आली. मीही सवयीनं तोंड उघडलं होतं, पण सोमशेखरकडं बघितलं आणि मिटलं. तो रडकुंडीला आला नव्हता. तो पेटला होता.

"थांबा," तो म्हणाला. "निकाली पायजे न्हवं? खेळतो. एकच डाव. घड्याळ सोडून द्या, संपलं तर परत टोकन टाका. पर माझी एक अट. जोतीराम बी म्हसोबा घेणार."

"मी कशाला म्हसोबा?"

"का? घाबरलास?"

पैलवानाला हे विचारायचं नसतं. जोतीरामनं म्हसोबा घेतला. दोघांनी एकच गडी घेतला तर मशीन दुसऱ्याची चड्डी बदलायचं, म्हणून ह्याचा हिरवा आणि त्याचा जांभळा. दोन भिंती समोरासमोर. जोतीरामचा हात सवयीनं जाळ फेकायला गेला, पण जाळ असेल तर ना. जांभळा म्हसोबा जागच्या जागी हवेत बुक्क्या मारत राहिला. हिरवा एकेक पाऊल येत होता. जोतीरामला घाम फुटला.

आणि मग पोरं ओरडायला लागली. आधी एक, मग दहा, मग सगळा चौक.

"धर! जोत्या, धर त्येला! धर की! धऽऽर!"

जोतीरामनं धरलं. जांभळ्यानं हिरव्याला डोक्यावर उचललं आणि असं आपटलं की हातगाडा हलल्यासारखा वाटला. टोप्या उडाल्या, शिट्ट्या वाजल्या. "वाऽऽ पैलवान! काय धरलंय! ह्येला म्हणत्यात धरणं!"

सोमशेखरनं दांडी सोडली. पडद्याकडं पाठ केली आणि चौकाकडं तोंड.

"म्हणा," तो म्हणाला.

शिट्ट्या विरल्या.

"म्हणा की! ह्येनं धरलं. सगळ्यांनी बघितलं. आता म्हणा रडी! अरं मघाशी कोण हुतं, पुढं ये की! म्या धरलं तर रडी, जोत्यानं धरलं तर वा पैलवान? बटण एक, गडी एक, आपटणं एक! मग फरक काय हाय? चड्डीचा? का गावाचा? तोंडं कुठं गेली रं तुमची? म्हणा!"

कुणी म्हणेना. मागं हिरवा म्हसोबा उभा होता, आणि जांभळाही. जोतीरामनं दुसऱ्यांदा धरलं नाही. त्याचा हात दांडीवरच होता, पण कान लाल झाले होते. आबा एकदा ह्याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होते. त्यांना सगळं ऐकू आलं नसावं, पण कळलं होतं.

"न्हाय रडी," जोतीराम म्हणाला.

"मोठ्यानं."

"म्हणलो न्हवं एकदा?"

"रडी म्हणताना कसा वरडला हुतास? तेवढ्या मोठ्यानं."

जोतीरामनं दात आवळले. मला वाटलं आता खरीच कुस्ती होणार, तीही अस्तर फाडून, माझंच. पण तो वळला तो पोरांवर. हातगाड्याच्या चाकावर पाय ठेवून चढला आणि त्याच्या गोड गळ्यातनं मी आजवर न ऐकलेला आवाज निघाला. "रडी न्हाय! ऐकलंसा? धरणं रडी न्हाय! म्या बी धरलं! सोमशेखर रडी न्हाय, रडी मी हुतो! आन आता धर धर म्हणून कोण बोंबलत हुतं? त्याच तोंडानं महिनाभर ह्येला रडी म्हणत हुतासा न्हवं? या खाली, एकेकाला धरतो!"

पोरं चार पावलं मागं सरकली. सयाजीनं, कुठनं कोण जाणे, ओलं फडकं आणलं आणि फळीवरची अक्षरं घासायला लागला.

"त्ये मघाशीच पुसायला सांगितलं हुतं!" आबा गरजले.

जोतीराम खाली उतरला आणि गदा सोमशेखरपुढं धरली. "घे. मघाचा डाव तुझाच हुता."

सोमशेखरनं गदेकडं बघितलंसुद्धा नाही. "आबांनी बरोबरीत म्हणलंय. पंच काय म्या बदलू?" मग मशीनकडं वळला, दांडी धरली आणि खेकसला, "हुभा काय ऱ्हायलास? ये की! डाव अर्धा ऱ्हायलाय."

तो डाव जोतीरामनं मारला. हिरवा म्हसोबा आडवा झाला तेव्हा सोमशेखरनं मशीनला एक बुक्की घातली, "ह्येचं बटण अडकतंय!" म्हणून सयाजीला दोन शिव्या दिल्या, आणि गौराबाईच्या मागं घरी जेवायला गेला. हरल्यावर माणसानं जेवढं चिडावं तेवढाच चिडला होता, जास्त नाही.